मुक्याची साक्ष : सैन्यदलातील न्यायवैद्यक डॉक्टर



गळिताचे आकडे, साखर उतारा, खोडव्याची निगा, ठिबकाचे अनुदान हे या पानांचे नेहमीचे विषय. या अंकात आम्ही जरा आडवाटेने जाणार आहोत. विषयाचे नाव वाचून काही जण नाक मुरडतील, काही जण पान उलटतील, याची आम्हांला कल्पना आहे. तरी विनंती अशी की, एवढे एक पान शेवटपर्यंत वाचावे. आपल्या घरात बारावी शास्त्र शाखेला मुलगा किंवा मुलगी असेल तर अवश्य वाचावे. घरातले कोणी पलटणीत असेल तर दोनदा वाचावे.

सभासदांच्या पाल्यांचा गुणगौरव आपल्याकडे दर वर्षी होतो. मागच्या समारंभात बक्षीस घेणाऱ्या प्रत्येक मुलाला आम्ही रिवाजाप्रमाणे विचारले, "पुढे काय व्हायचे ठरविले आहे?" कोणी इंजिनिअर म्हणाले, कोणी कलेक्टर म्हणाले. एक मुलगी मात्र माइकसमोर येऊन शांतपणे म्हणाली, "मला मिलिटरीत डॉक्टर व्हायचंय. त्यातही पोस्टमार्टेम करणारी."

मांडवात हशा पिकला. पुढच्या रांगेत बसलेल्या तिच्या आजोबांनी मान खाली घातली. हे आजोबा आपले जुने सभासद. चहाच्या वेळी ते आम्हांला बाजूला घेऊन म्हणाले, "साहेब, तुमीच समजवा तिला. डाक्टर हो म्हनलं, तर ही मढी फाडायची म्हनती. हिचं लगीन कसं व्हायचं?"

आम्ही काय समजावणार? आम्हांलाच त्या विषयातले काही ठाऊक नव्हते. बघू, बोलू, असे म्हणून वेळ मारून नेली. पण पंधरवड्याने आजोबा स्वतःच कारखान्याच्या कार्यालयात आले. हातात पिशवी, पिशवीत कागदांचे जुने बाड. त्यांनी सांगितले ते असे.

ट्रंकेतले कागद

त्यांचा धाकटा मुलगा सैन्यात हवालदार होता. बारा हजार फुटांच्याही वर, बर्फाच्या मुलखात त्याची नेमणूक होती. ऊस तोडून घ्यायला म्हणून हंगामात महिनाभर रजेवर आला. ऊस गेला, रजा संपली, गडी परत गेला. वर पोहोचल्यावर चौथ्या रात्री त्याला खोकला लागला, धाप लागली आणि उजाडायच्या आत सगळे संपले. तिरंग्यात गुंडाळलेले शव गावात आले. सलामी झाली. गावाने पोराला मानाने निरोप दिला.

पण गाव म्हटले की तोंडे आली. गोळी नाही, अपघात नाही, तीस-बत्तीस वर्षांचा धडधाकट गडी झोपेत कसा जातो? "थंडीचा जास्त घेतली असंल," असे कोणीतरी पारावर बोलले. तोंडावर कोणी म्हणाले नाही, पण पाणवठ्यावर त्याच्या बायकोच्या कानावर ते गेलेच. पुढे कागद आले, म्हाताऱ्याने अंगठे-सह्या केल्या, सुनेला पेन्शन सुरू झाली. कागद इंग्रजीत होते. ट्रंकेत जाऊन पडले ते पडलेच.

बारावीला गेलेल्या नातीने ते बाहेर काढले. शब्दकोश घेऊन वाचले आणि एका संध्याकाळी आजोबांना समोर बसवून मराठीत सांगितले. शवविच्छेदनाच्या अहवालात लिहिले होते : दोन्ही फुप्फुसे जड, फेसाळ पाण्याने भरलेली. हृदयाच्या रक्तवाहिन्या मोकळ्या. अंगावर जखम नाही. रक्ताच्या तपासणीत दारूचा अंश नाही. मृत्यूचे कारण, अति उंचीवर होणारी फुप्फुसांची सूज. त्या अहवालावरून चौकशी मंडळाने मृत्यू सैनिकी सेवेमुळेच झाल्याचे मान्य केले होते.

"आबा, काकीची पेन्शन ह्या चार ओळींवर चाललीय," नात म्हणाली. "आणि तात्यांच्या नावावरचा डागही ह्यांनीच पुसलाय. आपल्यालाच माहीत नव्हतं."

आजोबा बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "त्या डाक्टरचं नाव काय गं?" कागदावर नुसती सही होती, ती काही केल्या लागली नाही.

ते बाड आमच्या टेबलावर ठेवून आजोबा म्हणाले, "आता तिला कुठं घालायची, कशी घालायची, तेवढी माहिती काढून द्या." ती माहिती काढता काढता जे हाती लागले, ते सर्व सभासदांपुढे ठेवावे म्हणून हा लेख.

हे काम नेमके काय?

या शास्त्राला न्यायवैद्यकशास्त्र म्हणतात. मृत्यू कशाने झाला, केव्हा झाला, कोणत्या परिस्थितीत झाला, आणि कधी कधी मृत माणूस कोण, एवढ्या प्रश्नांची उत्तरे पुराव्यानिशी द्यायची, हा त्याचा गाभा. जिवंत माणसांचीही कामे त्यात येतात. जखमांची तपासणी, वयाचा निर्णय, अत्याचार झालेल्या व्यक्तीची तपासणी, विषबाधेचा शोध, ही सगळी त्यातलीच.

शवविच्छेदन म्हणजे नुसती चिरफाड अशी आपली समजूत असते. प्रत्यक्षात डॉक्टर आधी बाहेरून सगळे पाहतो. कपडे, खुणा, व्रण, नखे, डोळ्यांच्या बाहुल्या. मोजमापे घेतो, फोटो काढतो, जरूर तर एक्स-रे काढतो. मग डोके, छाती आणि पोट उघडून प्रत्येक अवयव पाहतो, तोलतो, नोंदतो. विषाची शंका असेल तर जठर, यकृत, मूत्रपिंड, आतडे यांचे भाग आणि रक्त राखून ठेवतो. ते बाटल्यांत भरून, लाखेचे सील लावून प्रयोगशाळेकडे जातात. शेवटी शव नीट शिवून, स्वच्छ करून नातेवाइकांच्या हवाली होते.

गोळी कोणत्या बाजूने शिरली आणि कोठून बाहेर पडली, हे कातडीवरच्या जखमा सांगतात. शिरताना जखम बहुधा लहान आणि कडेने खरचटल्यासारखी असते. बाहेर पडताना ती बहुधा मोठी आणि वेडीवाकडी फाटलेली असते. बुडून मेलेला आणि मारून पाण्यात टाकलेला, गळफास घेतलेला आणि गळा आवळलेला, यांतला फरक डोळसपणे पाहणाऱ्याला बहुतेक वेळा सापडतो.

आपल्या भाषेत सांगायचे तर हा डॉक्टर म्हणजे काट्यावरचा माणूस. बैलगाडी संचालकाची असो की एकरभर उसाच्या कुणब्याची, काट्याने जे दाखविले तेच पावतीवर उतरले पाहिजे. तिथे काटा मारला तर वर्षाची मेहनत जाते. इथे काटा मारला तर कोणा निरपराध माणसाला फाशी होते, नाहीतर एखाद्या विधवेचा हक्क बुडतो. हा डॉक्टर पोलिसांचा नसतो, आरोपीचा नसतो आणि सैन्यात असला तरी पलटणीच्या साहेबाचाही नसतो. कोर्टात उभे राहून उलटतपासणीला तोंड द्यावे लागते, तेव्हा पाठीशी फक्त आपली नोंद असते.

सैन्यात वेगळे काय?

सैनिकाला मरण नाना वाटांनी येते. गोळी आणि सुरुंग तर आहेतच. पण हिमदरड, गोठणे, उंचीचा आजार, उन्हातली लांब दौड, गाड्यांचे आणि विमानांचे अपघात, पाण्यात बुडणे, आणि बोलायला जड पण खरे, आत्महत्याही. शांततेच्या काळात छावणीत अनैसर्गिक मृत्यू झाला तरी पोलिसांना कळवावेच लागते. १ जुलै २०२४ पासून अशा पंचनाम्याचे काम भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १९४ प्रमाणे चालते. त्याबरोबरच सैन्याची स्वतःची चौकशीही होते, तिला कोर्ट ऑफ इन्क्वायरी म्हणतात. या दोन्हींना वैद्यकीय पुरावा लागतो.

त्या पुराव्यावर घर कसे उभे राहते ते पाहा. सैनिकाच्या पश्चात कुटुंबाला मिळणारे निवृत्तिवेतन ढोबळमानाने तीन प्रकारचे असते. मृत्यूचा सेवेशी संबंध नसेल तर साधे कुटुंब निवृत्तिवेतन, अखेरच्या वेतनाच्या ३० टक्के. त्यात पहिली काही वर्षे वाढीव दर मिळतो. मृत्यू सेवेमुळे झाला असे ठरले तर विशेष कुटुंब निवृत्तिवेतन, ६० टक्के. लढाईत किंवा तत्सम कारवाईत मृत्यू आला तर उदारीकृत कुटुंब निवृत्तिवेतन, म्हणजे अखेरच्या वेतनाइतकी पूर्ण रक्कम. तीस आणि साठ यांतले अंतर म्हणजे पोरांची शाळा सुटणे आणि चालू राहणे यांतले अंतर. अहवालात "हृदय बंद पडल्याने मृत्यू" एवढेच मोघम लिहिले तर ते अंतर विधवेने कचेऱ्यांच्या पायऱ्या झिजवून तोडायचे. मरताना हृदय सगळ्यांचेच बंद पडते. ते का बंद पडले हे लिहिणारा डॉक्टर पाहिजे.

मेलेल्यांनी वाचविलेले जिवंत

१९६२ च्या चीन युद्धात आपल्या फौजा एकदम उंच डोंगरांवर न्याव्या लागल्या. शत्रूइतकाच त्रास पातळ हवेने दिला. धडधाकट जवान दोन-चार दिवसांत धापा टाकू लागत. न्यूमोनिया आहे असे आधी वाटे. पुढे भारतीय सैन्यातील डॉक्टरांनी हा आजार बारकाईने अभ्यासला. इंदर सिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १,९२५ आजारी जवानांच्या नोंदींवर लिहिलेला निबंध १९६९ साली अमेरिकेतील नामांकित वैद्यकीय नियतकालिकात छापून आला आणि जगभर वाचला गेला. दगावलेल्यांच्या शवविच्छेदनात फुप्फुसे पाण्याने भरलेली दिसली, त्यातूनही या आजाराचे स्वरूप उलगडत गेले.

आज आपला जवान वर जातो तो टप्प्याटप्प्याने. नऊ ते बारा हजार फुटांवर सहा दिवस, पुढे पंधरा हजारांपर्यंत चार दिवस, त्याहून वर आणखी चार दिवस, अशी शरीराला सवय लावायची शिस्त आहे. रजेवरून परतलेल्यालाही पुन्हा सवय करावी लागते, कारण खाली राहून आलेल्याला हा आजार गाठू शकतो. किती घरांचे कुंकू या शिस्तीने राखले, त्याची मोजदाद होणार नाही.

दुसरे उदाहरण अमेरिकेचे. तेथे सैन्यदलांसाठी वैद्यकीय मृत्यू-अन्वेषकांचे स्वतंत्र कार्यालय १९८८ पासून आहे आणि २०११ पासून ते डेलावेअर राज्यातील डोव्हर हवाई तळावर आहे. इराक आणि अफगाणिस्तानातून आलेल्या मृत सैनिकांचे तेथे शवविच्छेदनाबरोबर सी.टी. स्कॅनही होऊ लागले. छातीत जखम होऊन हवा कोंडली की जीव वाचविण्यासाठी छातीत सुई-नळी खुपसून ती हवा मोकळी करतात. कर्नल हार्क या क्ष-किरणतज्ज्ञांना स्कॅनमध्ये दिसले की, काही सैनिकांच्या छातीत ही नळी आतपर्यंत पोहोचलेलीच नव्हती. त्यांनी १०० जणांच्या छातीच्या भिंतीची जाडी मोजली. सरासरी ५.३६ सेंटीमीटर भरली, आणि वापरातली नळी ५ सेंटीमीटरची! आठ सेंटीमीटरची नळी जवळजवळ सर्वांना पुरेल असे २००७ सालच्या त्यांच्या निबंधाने दाखविले, आणि सैन्याने लांब नळ्या वापरात आणल्या. मेलेल्यांनी जाता जाता मागच्यांना वाचविले ते असे.

नाव परत देण्याचे काम

८ डिसेंबर २०२१ रोजी तमिळनाडूत कुन्नूरजवळ हवाई दलाचे हेलिकॉप्टर कोसळले, ते आपल्या सर्वांना आठवत असेल. जनरल बिपिन रावत, त्यांच्या पत्नी आणि इतर मिळून १४ जण त्यात होते. १३ जणांचा मृत्यू त्याच दिवशी झाला. ग्रुप कॅप्टन वरुण सिंह पुढे आठवडाभराने गेले. आगीमुळे बहुतेक मृतदेहांची ओळख डोळ्यांनी पटण्यासारखी नव्हती. दिल्ली छावणीतील बेस हॉस्पिटलमध्ये मृतदेह ठेवले गेले, नातेवाइकांच्या रक्ताशी डी.एन.ए. जुळवून पाहिला गेला आणि ओळख पक्की झाल्यावरच एकेक मृतदेह घरी धाडला गेला. त्या दोन-तीन दिवसांत त्या घरांनी काय सोसले असेल! पण चुकीच्या नावाने चिता पेटण्यापेक्षा दोन दिवसांची वाट बरी. बोटांचे ठसे, दात आणि डी.एन.ए. या ओळखीच्या तीन भरवशाच्या खुणा मानल्या जातात.

याहून जुनी गोष्ट १९६८ ची. ७ फेब्रुवारी १९६८ रोजी चंडीगडहून लेहकडे गेलेले हवाई दलाचे ए.एन.-१२ विमान हिमालयात बेपत्ता झाले. त्यात १०२ जण होते. २००३ साली गिर्यारोहकांना बर्फात पहिले अवशेष सापडले. त्यानंतर अनेक मोहिमा झाल्या. सप्टेंबर २०२४ मध्ये आणखी चार मृतदेह मिळाले आणि जवळ सापडलेल्या कागदपत्रांच्या आधारे ओळख पटविण्यात आली. ५६ वर्षांनी माणूस आपल्या गावच्या मातीत आला.

अमेरिकेतील एक हकीकतही सांगण्याजोगी आहे. व्हिएतनाम युद्धातील अनोळखी सैनिक म्हणून १९८४ साली एका वीराचे अवशेष आर्लिंग्टनच्या राष्ट्रीय स्मारकात ठेवले गेले. राष्ट्राध्यक्षांनी मानवंदना दिली. पण १९९८ साली ती कबर उघडून सैन्याच्या प्रयोगशाळेत डी.एन.ए. तपासला तेव्हा तो वैमानिक मायकेल ब्लॅसी असल्याचे निष्पन्न झाले. त्याचे विमान १९७२ मध्ये पाडले गेले होते. घरच्यांनी त्याला आपल्या शहराजवळ नेऊन, त्याच्या नावाचा दगड बसवून पुरले. साऱ्या देशाचा मुजरा एका पारड्यात आणि आईने ठेविलेले नाव दुसऱ्या पारड्यात. त्या घराने नाव उचलले.

वाट कशी आहे?

आता मुलांसाठी कामाची माहिती. ही वाट आपल्या दारावरून जाते, कारण सैन्यदलांचे वैद्यकीय महाविद्यालय पुण्यात वानवडीला आहे. १९४८ साली ते स्थापन झाले आणि १९६२ पासून तेथे एम.बी.बी.एस.चे वर्ग सुरू झाले. परीक्षा नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाच्या असतात.

प्रवेशासाठी बारावीला भौतिक, रसायन, जीवशास्त्र आणि इंग्रजी हवे. तिन्ही शास्त्र विषय मिळून किमान ६० टक्के आणि प्रत्येक विषयात ५० टक्के हवेत, तेही पहिल्याच प्रयत्नात. दहावीला गणित असले पाहिजे. उमेदवार अविवाहित हवा. मग नीट परीक्षा. ती दिल्यावर केंद्रीय समुपदेशनात या महाविद्यालयाचा पर्याय वेगळा नोंदवावा लागतो. तो नोंदविला नाही तर कितीही गुण असून उपयोग नाही. निवडक मुलांना पुण्यास बोलावून इंग्रजी व तर्कशक्तीची लहान परीक्षा, मुलाखत आणि वैद्यकीय तपासणी घेतात. अलीकडच्या वर्षांत जागा सुमारे दीडशे आणि त्यांत मुलींच्या सुमारे तीस. म्हणजे स्पर्धा मोठी आहे, हे लपवून चालणार नाही.

शिक्षणाची फी नाही, राहणे-जेवणही सरकारी खर्चाने. इंटर्नशिप धरून साडेपाच वर्षे. त्या बदल्यात सैन्यात अधिकारी म्हणून सेवा करण्याचा करार लिहून द्यावा लागतो. कोणाला कायम कमिशन मिळते, कोणाला ठराविक वर्षांचे. मध्येच सोडले तर मोठी रक्कम भरावी लागते. अटी दर वर्षीच्या माहितीपत्रकात छापलेल्या असतात. ऊस-नोंदीचा करार वाचल्याशिवाय सही करू नका असे आम्ही नेहमी सांगतो; तेच इथेही.

ही दारे हुकली तरी दुसरे दार आहे. कोणत्याही मान्य महाविद्यालयातून एम.बी.बी.एस. झालेल्यास आर्मी मेडिकल कोअरमध्ये अल्पमुदतीच्या कमिशनसाठी अर्ज करता येतो. नव्या डॉक्टर अधिकाऱ्यांचे प्राथमिक सैनिकी शिक्षण लखनौला होते.

पण लक्षात ठेवा, पहिल्या दिवशी कोणी न्यायवैद्यक तज्ज्ञ होत नाही. आधी पलटणीचा डॉक्टर व्हायचे. जवानांचा ताप, पायाचे फोड, साप-विंचू, हिवाळी चौक्या, सगळे पाहायचे. मग न्यायवैद्यकशास्त्रात तीन वर्षांची एम.डी. करायची. पुण्याच्या महाविद्यालयात या विषयाचा स्वतंत्र विभाग आहे. विकृतिशास्त्र, म्हणजे पॅथॉलॉजी, हे शेजारचे क्षेत्र. आपल्या देशात या दोन वेगळ्या एम.डी. आहेत. अमेरिकेत मात्र आधी विकृतिशास्त्राचे तीन-चार वर्षांचे शिक्षण घेऊन मग वर्षभर न्यायवैद्यकाचे खास शिक्षण घेतात. विमान अपघातातील मृत्यूंचा अभ्यास करावयाचा असेल तर बंगळुरूची हवाई दलाची एअरोस्पेस मेडिसिन संस्था आहे. एम.डी. झाल्यावर आधी ग्रेडेड स्पेशालिस्ट, पुढे अनुभवाने क्लासिफाइड स्पेशालिस्ट अशी पायरी चढत जाते. या विषयाच्या जागा मोजक्याच असतात, म्हणून एवढ्याच एका खुंटीला गाठोडे टांगू नये. डॉक्टर म्हणून सैन्यात जायची मनापासून तयारी असली तरच पाऊल टाकावे.

मुलींनी जावे का? २००४ साली पुनीता अरोरा या आपल्या सैन्यदलांतल्या पहिल्या महिला लेफ्टनंट जनरल झाल्या, त्या डॉक्टरच. माधुरी कानिटकर लेफ्टनंट जनरल पदावरून निवृत्त होऊन २०२१ साली नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाच्या कुलगुरू झाल्या. १ ऑक्टोबर २०२४ रोजी आरती सरीन यांनी सैन्यदलांच्या वैद्यकीय सेवेचे सर्वोच्च पद स्वीकारले. तिघीही पुण्याच्याच महाविद्यालयात शिकलेल्या. यापुढे हा प्रश्न विचारायचे कारण उरले नाही.

कोणाला झेपेल?

ज्याला वासाने मळमळते त्यालाही पुढे सवय होते, असे या कामातले लोक सांगतात. सवय होत नाही ती बाहेर बसलेल्या आईच्या रडण्याची. हे काम करणाऱ्याला झोप उडविणारे दिवस येतात. खाजगी दवाखान्यासारखा पैसाही यात नाही. दर काही वर्षांनी बदली, सणासुदीला घर नाही. आणि कधी कधी लिहावे ते कोणालाच आवडत नाही : घरच्यांना वीरमरण हवे असते आणि पुरावा आत्महत्या सांगतो. तिथे शब्द न फिरविता, पण माणुसकीने बोलावे लागते. अशा एका मृत्यूची खरी नोंद झाली म्हणजे त्याच बराकीतल्या दुसऱ्या जवानाकडे वेळेवर लक्ष जाते.

हट्टी, निरीक्षणाची आवड असलेली, अक्षर आणि नोंद नीट ठेवणारी मुले यात रमतील. कारखान्याच्या प्रयोगशाळेत ब्रिक्स-पोलचा आकडा दुसऱ्यांदा तपासल्याशिवाय न लिहिणारा केमिस्ट आठवा. तो स्वभाव पाहिजे.

आपल्या गावापुरते

शेवटी एक गोष्ट, जी प्रत्येक सभासदाच्या दाराशी येऊ शकते. फडात साप चावतो, मोटारीचा शॉक बसतो, विहिरीत पाय घसरतो, फवारणीचे औषध अंगात भिनते. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना वीसहून अधिक शेतकरी-मजूर दगावले, ते आपण विसरलेलो नाही. अशा वेळी आपल्याकडे पहिला उद्गार निघतो, "गेला तो गेला, आता चिरफाड कशाला? उरकून घ्या." आम्हीही अशा गर्दीत उभे राहून मान डोलविली आहे, हे कबूल करतो.

त्याची किंमत पुढे कळते. गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेत अपघाती मृत्यूस दोन लाख रुपये मिळतात. पंचनामा आणि शवविच्छेदनाचा अहवाल हे बहुतेक प्रकरणांत लागणारे कागद. चिता विझल्यावर ते कोठून आणायचे? तेव्हा पोलिसपाटलांना कळवा, पंचनामा होऊ द्या, सरकारी रुग्णालयात शव न्या. व्हिसेरा राखून ठेवला असेल तर प्रयोगशाळेचा अहवाल येईपर्यंत पाठपुरावा करा. रात्रीची अडचणही आता पूर्वीइतकी नाही. जेथे पुरेशी सोय आहे अशा रुग्णालयांत सूर्यास्तानंतरही शवविच्छेदन करण्यास केंद्र सरकारने नोव्हेंबर २०२१ मध्ये मुभा दिली आहे. खून, आत्महत्या यांसारखी संशयाची प्रकरणे एरवी त्यातून वगळली आहेत.

आपल्या माणसाची विटंबना म्हणून याकडे पाहू नका. बोलता न येणाऱ्याला शेवटचे बोलू देण्याची ती एकच संधी असते.

ती मुलगी सध्या नीटची तयारी करीत आहे. सकाळी धावते, दिवसा अभ्यास करते. तिची काकी तिला उठविते, चहा करून देते. निवड होईल की नाही, आज कोण सांगणार? परवा आजोबा उसाच्या पेमेंटसाठी आले होते. आम्ही विचारले, "काय आबा, आता कोणी हसतं का?"

म्हातारा म्हणाला, "हसू द्या की. माझ्या पोराची बाजू घेनारा त्या बर्फात एक तरी मानूस व्हता. आमची पोरगी उद्या कुना दुसऱ्याच्या पोराची घील."

ज्या सभासदांच्या पाल्यांना या शिक्षणाची माहितीपत्रके पाहावयाची असतील, त्यांनी कारखान्याच्या कार्यालयात अवश्य यावे. सैन्यात असलेल्या आपल्या मुलांचे कागद ट्रंकेत असतील, तर तेही एकदा बाहेर काढून कोणाकडून तरी वाचून घ्यावेत, ही आमची कळकळीची विनंती.